एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरेंचा ऑनलाइन) कोर्स गावाकडून करतोय, लेक्चरं साचलीत. गाडी रुळावर कशी आणावी?

शेवटचा_बाक
डेटा स्ट्रक्चर्सचा (प्रोग्रॅममध्ये माहिती कशी मांडायची त्याचा) १२ आठवड्यांचा कोर्स घेतलाय, कॉलेज क्रेडिट धरणार आहे. मोबाईलचा दिवसाला दीड जीबीचा पॅक, दुपारी लाईटचा भरवसा नाही. पाचवा आठवडा चालू आहे आणि तिसऱ्या-चौथ्याची लेक्चरं तशीच पडलीत. लेक्चर लावलं की दहा मिनिटांत हात व्हॉट्सअ‍ॅपकडे जातो. दुप्पट वेगाने बघून उरकू का?

टाचणवही
उरकू नका. या विषयात पॉइंटर (माहिती कुठे ठेवलीय त्याचा पत्ता) कुठून कुठे हलला तेच समजून घ्यायचं असतं, आणि दुप्पट वेगात नेमकं तेच निसटतं. प्रस्तावना, उजळणी दीडपटीने पळवा. कोड किंवा आकृती आली की वेग मूळ पदावर.

आता हिशोब. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, त्यांचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. म्हणजे दोन असाइनमेंट हुकल्या तरी आभाळ कोसळत नाही. म्हणून आधी चालू आठवडा धरा आणि मागचं रोज एक लेक्चर या हिशोबाने उपसा. अपवाद एकच: लिंक्ड लिस्ट (प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता असलेली साखळी) राहिली असेल तर ती आधी, कारण ट्री (फांद्या फुटत जाणारी मांडणी) तिच्याच पॉइंटरवर उभं आहे.

बसताना असाइनमेंटचे प्रश्न आधी वाचा, मग लेक्चर. संपलं की वही मिटून कोऱ्या कागदावर काढून बघा. उदाहरणार्थ, लिंक्ड लिस्टमधला मधला नोड (म्हणजे कडी) काढून टाकणे: तीन चौकोन, दोन बाण. आधी पहिल्याचा बाण तिसऱ्याकडे वळवायचा, मगच मधला मोकळा करायचा. क्रम उलटला तर तिसऱ्याचा पत्ता ज्यात होता तोच नोड हातचा गेलेला असतो. हे कागदावर न बघता जमलं तर लेक्चर झालं म्हणायचं. नुसतं बघितलेलं मी तरी धरणार नाही.

फ्यूजवायर
डेटाचं बघू. व्हिडिओची क्वालिटी ४८०पी ठेवली तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, ३६०पी ला त्याहून बराच कमी. स्लाईडवरचं लेक्चर ३६०पी ला नीट वाचता येतं, फळ्यावरचं असेल तर ४८०पी. क्वालिटी 'ऑटो'वर ठेवू नका, रेंज चांगली मिळाली की तो स्वतःच वर चढतो आणि दुपारपर्यंत पॅक साफ.

रात्री उरलेल्या डेटात दुसऱ्या दिवशीची लेक्चरं यूट्यूब अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून ठेवा. अधूनमधून फोन नेटला जोडावा लागतो, नाहीतर साठवलेले व्हिडिओ उघडत नाहीत. दुपारी लाईट गेली की कागदी काम काढायचं, त्याला चार्जिंग लागत नाही.

पुढे कधी फायबर घेतलंत तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी) मिळतो. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही असतात, आणि त्याला १२ जोडले तर राउटर गेला.

शेवटचा_बाक
धन्यवाद दोघांनाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोर्सचा ग्रुप आहे, तो बंद कसा करणार? आणि फोकस मोडमध्ये यूट्यूब चालेल का?

दुसरी_घंटा
चालेल. सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग, त्यात फोकस मोड. तुम्ही निवडाल तेवढीच अ‍ॅप थांबतात. पण यूट्यूब सुरू राहिलं की शॉर्ट्सही सुरूच, त्यामुळे डाउनलोड केलेलं लेक्चर विमान मोडवर बघणं सगळ्यात सोपं. व्हॉट्सअ‍ॅप आपोआप गप्प. ग्रुप संध्याकाळी एकदा बघा. तारखा तशाही कोर्सच्या पानावर असतात.

दोन गोष्टी कुणी बोललं नाही. असाइनमेंट मुदतीआधी कितीही वेळा सबमिट करता येते, शेवटची धरतात. तेव्हा अर्धवट असली तरी दोन दिवस आधी एकदा टाकून ठेवा, शेवटच्या रात्री रेंज गेली तर निदान तेवढे गुण हातात. आणि कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नाही. तो वेगळा असतो, फीसुद्धा वेगळी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. फॉर्मची शेवटची तारीख आजच बघा, गावाजवळचं केंद्र निवडायला मिळतं का तेही तिथेच दिसेल.