शाळेत कॅमेरे लागले, पण त्या शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक आहे का?

पाटीपेन्सिल:
बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं प्रकरण झालं, त्यानंतर 21 ऑगस्ट 2024 ला शाळांच्या सुरक्षेसाठी जीआर आला. महिन्याभरात सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमा (ही समिती तर 2022 च्या जीआरमध्येच होती, तेव्हा कोणी विचारलं पण नाही). माझा या कशालाच विरोध नाही, पण हे सगळं करणार कोण ते सांगा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 150 च्या वर पट असेल तरच मुख्याध्यापक. गावाकडे कितीतरी झेडपीच्या शाळा दोनशिक्षकी, त्यातला जो सीनियर तो प्रभारी, तोच दोन वर्ग एकत्र बसवून शिकवणार, यूडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरणार, खिचडीचा हिशोब ठेवणार, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, आणि वर मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी पण त्याचीच. आधी प्रत्येक शाळेला वर्ग न घेणारा मुख्याध्यापक द्या, निदान चार-पाच शाळांना मिळून एक द्या, मग समित्या काढा.

डोंबिवलीकर_बाबा:
म्हणजे मुख्याध्यापक मिळेपर्यंत पोरं देवाच्या भरवशावर का? माझी मुलगी सीनियर केजीत आहे. बदलापूरला त्या दोन्ही मुली चारेक वर्षांच्या होत्या आणि आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी, कंत्राटी, आदल्या पंधरवड्यातच कामाला लागलेला. आणि तिथे मुख्याध्यापिका होत्या की, नंतर निलंबित झाल्या. पद भरलेलं असून काय उपयोग झाला? मला टॉयलेटच्या पॅसेजमध्ये कॅमेरा पाहिजे, लहान मुलींना ने-आण करायला बाईच पाहिजे, आणि ते उद्या पाहिजे.

पाटीपेन्सिल:
बाई पाहिजे हे 100 टक्के मान्य. कॅमेऱ्याचं म्हणाल तर कॅमेरे तिथे होते हो! पंधरा दिवसांचं फुटेज गायब आहे असं तेव्हाचे शिक्षणमंत्री केसरकर स्वतः बोलले होते. फुटेज रोज बघणारं, सेव्ह करणारं, आणि गायब झालं तर ज्याला जाब विचारता येईल असं कोणीतरी लागतं ना, मी तेच म्हणतोय.

झेडपी_गुरुजी:
कॅमेऱ्याच्या गप्पा चालूच आहेत तर आमचा हिशोब ऐका. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान 10 हजार रुपये, 31 ते 100 ला 25 हजार. त्यात खडू, रजिस्टर, दुरुस्ती, स्वच्छता आणि लाइटबिल. बिल थकलं की मीटर कट, आणि मीटर कट झाल्यावर डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) काय हवेवर चालणार? आमच्या इथे सरपंचांनी लोकवर्गणीतून दोन कॅमेरे लावून दिले, फोटो काढले, व्हॉट्सॲपवर टाकले. पहिल्याच पावसात एक बंद पडला तो अजून बंद आहे.

काळाकोट:
कायद्याचं थोडं सांगते कारण इथे सगळेच मुख्याध्यापकावर ढकलतायत. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं किंवा होऊ शकतो असं ज्याला कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच आहे, शिपायाने पण आणि वर्गशिक्षिकेने पण. नाही कळवलं तर कलम 21, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. "आधी संस्थाचालकांना विचारतो", "आधी आपण अंतर्गत चौकशी करू" हे कायद्यात कुठेच नाही. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत तर कर्मचाऱ्यांची पडताळणी ठराविक काळाने पुन्हा पुन्हा करा आणि त्यांना प्रशिक्षण द्या असं स्पष्ट आहे. म्हणजे नवीन पद निर्माण व्हायची वाट बघायची काही गरज नाही.

निवृत्त_हेडमास्तर:
मॅडम, कागदावर बरोबर. पण एक बाजू कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. आज शिक्षक मुलाच्या पाठीवर हात ठेवायला घाबरतो. गावात दोन गट असतात, शाळा व्यवस्थापन समितीत पण गट, आणि मास्तर एका गटाचा समजला की दुसरा गट तक्रार करतो. नुसत्या संशयावर पोलिसात जा म्हणालात तर निर्दोष माणसाची पेन्शन आणि अब्रू दोन्ही गेली. मुख्याध्यापकाला निदान खातरजमा करू द्या ना.

काळाकोट:
सर, मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम 22 मध्ये शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. खातरजमा म्हणजे प्रत्यक्षात काय होतं तर चार मोठी माणसं ऑफिसात बसून सहा वर्षांच्या पोरीला तेच तेच विचारतात, तोवर आरोपीला कळलेलं असतं, पालकांना "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून समजावलेलं असतं. तपास पोलिसांनीच करायचा.

डोंबिवलीकर_बाबा:
पोलीस म्हणता, पण बदलापूरला पालकांना एफआयआर नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास बसवलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले तेव्हा सिस्टीम हलली. पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि टीव्हीवरची चर्चा सगळी तिकडे गेली, शाळांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

पहिलीच्या_बाई:
तक्रारपेटीबद्दल कोणीच काही बोललं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना ऑगस्टात धड "कमल नमन कर" लिहिता येत नाही, ती चिठ्ठी काय लिहिणार? आणि आमची पेटी आहे ऑफिसच्या दारात, चावी ऑफिसातच. लहान मूल सांगतं ते डबा खाताना किंवा घरी जाताना, अर्धवट, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता. ते ऐकायला बाईला वेळ हवा आणि ऐकल्यावर काय करायचं हे तिला माहीत हवं. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर रंगवलाय, पण फोन कसा लावायचा, काय सांगायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. वरून आलेलं प्रशिक्षण म्हणजे ऑनलाइन लिंक, व्हिडिओ चालू ठेवून लोक वह्या तपासतात (मी पण). हे काम मुख्याध्यापकाचं आहे, प्रभारी असो नाहीतर कायम. जूनमध्ये शिपायापासून खिचडीवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना बसवून एक तास बोललं तरी फरक पडतो.

पाटीपेन्सिल:
तो एक तास प्रभारी गुरुजी कुठून काढणार, तेवढं सांगा बाई.

झेडपी_गुरुजी:
काढतो. केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) त्या दिवशी कुठली "अर्जंट माहिती" मागवली नाही तर.

डोंबिवलीकर_बाबा:
शनिवारी पालकसभा आहे. पडताळणीची पत्रं, बाईंची ड्यूटी, आणि हो, फुटेज किती दिवस ठेवता ते लेखी मागणार आहे. कोणाकडे अर्जाचा नमुना असेल तर टाका.