आज सातला डेडलाईन, आणि काकूंचा बेंच बूस्ट शिल्लक

रविवार, दुपारी १२.०५

सचिव (ब-१०१): सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज दुपारी ३ ते ५ वरच्या टाकीची सफाई आहे. पाणी भरून ठेवावे.

क-२०३: अर्जंट!! आज संध्याकाळी ७ ला आपल्या फँटसी फुटबॉल लीगची डेडलाईन हाय. मॅच साडेआठला, पण टीम दीड तास आधी लॉक होतीय. मागच्या वर्षी तिघांनी मॅच सुरू व्हायच्या टायमाला ॲप उघडलं आणि मग बोंबलत बसले.

सचिव (ब-१०१): हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे. फुटबॉलचा वेगळा ग्रुप केलाय ना?

क-२०३: सॉरी काका, चुकून इकडं पडलं.

अ-४०२: पडलंय तर ऱ्हाऊ दे. तिकडं १४ जणांतले निम्मे म्यूट करून बसल्यात. निदान इथं टाकी सफाई वाचायला तरी येतात.

ड-३०२: एक विचारू का? आमचा नववीतला पण तुमच्या त्या लीगमध्ये आहे म्हणे. पैसे लावायचं आहे का ते?

वकीलसाहेब (ड-१०१): नाही वहिनी, निर्धास्त राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली. हे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं स्वतःचं आहे, फुकट आहे. सीझनच्या सुरुवातीला इथल्याच एका उत्साही सभासदानं डोक्याला ५०० रुपये काढायची टूम काढली होती, तिला मी तेव्हाच मोडता घातला. आता शेवटच्या नंबरवाल्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची, एवढंच.

ड-३०२: बरं. पण खेळतात काय नेमकं? हा तर नुसता मोबाईल बघत बसलेला असतो.

क-२०३: वहिनी, सोपं हाय. समजा पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, आपल्या कोल्हापूरच्या सगळ्या तालमींच्या फुटबॉल टीममधनं मिळून पंधरा पोरं उचलायची. दोन गोली, पाच बॅक, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. प्रत्येकाची किंमत ठरलेली, आपल्या खिशात खोटे दहा कोटी पौंड. आणि एका तालमीची जास्तीत जास्त तीनच घ्यायची. दर आठवड्याला त्यातली अकरा उतरवायची. ती पोरं शाहू स्टेडियमवर खरोखर कशी खेळतील त्यावर आपले पॉइंट. फक्त शाहू स्टेडियमच्या जागी इंग्लंड.

सचिव (ब-१०१): पाटाकडील आणि खंडोबाची पोरं एका टीममध्ये? शक्य नाही.

अ-४०२: काका, म्हणूनच तुम्ही शेवटून दुसरे हाय 😂

१२.४०

क-२०३: आता विषय निघालाच हाय तर टेबल टाकतो. एकच आठवडा उरलाय, ३८ वा.
अ-४०२ दादा २२१४
क-१०४ काकू २१९७
मी २१८०
...मधले सोडा...
सचिव काका १६११
ब-३०१ १६०४

ब-३०१: मिसळ कुणाची ते अजून ठरलेलं नाही. लक्षात ठेवा.

अ-४०२: १७ पॉइंटची लीड म्हणजे काय रे, सेफ का?

क-२०३: कसली सेफ! सिटीचा फॉरवर्ड हालंड, त्यानं दोन गोल मारले तर २ खेळण्याचे, ८ गोलांचे, वर बोनस ३. तेरा झाले. कॅप्टन असला तर डबल, सव्वीस. एका माणसात खेळ उलटतोय.

अ-४०२: मग मी काय करू? सगळ्यात भारी टीम लावतो.

क-२०३: तिथंच चुकालाय दादा. तुमी भारी टीम लावू नका, काकूंची टीम लावा.

अ-४०२: म्हणजे?

क-२०३: बघा. तुमच्या आणि काकूंच्या पंधरात दहा जण तेच हाईत. त्यांनी वीस गोल घालू देत नायतर झोपा काढू देत, तुमच्यातलं अंतर हलत नाय. अंतर हलतंय ते उरलेल्या पाचांनी आणि कॅप्टननं. म्हणून पुढं असणाऱ्यानं मागच्यासारखं व्हायचं, आणि मागच्यानं वेगळं व्हायचं. सप्टेंबरला हे खुळेपणाचं हाय, तेव्हा जगात सगळ्यांशी स्पर्धा असती. शेवटच्या आठवड्यात एकाच माणसाशी असती. फ्री ट्रान्सफर, म्हणजे फुकटात प्लेअर बदलायची संधी, ती पण जपून ठेवू नका, पुढच्या सीझनला एक पण जात नाही. टीमची किंमत वाढलीय म्हणून खूश होऊ नका, उद्या ती कागदाची नाव.

आबा (अ-१०२): हे पटलं नाही. खासबागेत कुस्ती निकाली असते. पुढं हाय म्हणून पाय ओढत फिरणाऱ्याला लोक शिट्ट्या मारतात.

क-२०३: आबा, ती मातीतली. ही मॅटवरची. इथं गुण मोजतात, चितपट नाय.

आबा (अ-१०२): तेच म्हणतोय. मॅटवर आली आणि मजा गेली.

क-१०४ काकू: आबा, मजा कुठं गेली? मला तर आज सकाळपासून भूक नाही.

अ-४०२: काकू ऑनलाइन हाईत 😬 जपून बोल रे.

क-१०४ काकू: बोल बोल. मी फक्त एवढंच विचारते, तो ब्रुनो पेनल्टी घेतो ना रे मँचेस्टर युनायटेडच्या?

क-२०३: हो काकू. पेनल्टी, फ्री किक, कॉर्नर, सगळं तोच.

क-१०४ काकू: बरं बरं. सहज विचारलं.

१.१५

ब-३०१: एक जरा शंका. ज्या टीमना आता वरही जायचं नाही आणि खालीही जायचं नाही, त्यांचे खेळाडू घ्यावेत का? ते तर मनानं सुट्टीवर गेलेले असणार.

क-२०३: दोन्ही बाजू हाईत. बॅक सुट्टीवर असला तर त्याच्या समोरचा फॉरवर्ड घ्यायचा, असं माझं गणित. पण त्याच्यापेक्षा भीती वेगळी. मोठ्या टीमचे मोठे प्लेअर शेवटच्या दिवशी बेंचवर बसतात. २२ मे २०२२ ला लिव्हरपूलचा सलाह सुरुवातीला उतरलाच नव्हता, दुखापतीतनं आलेला. कॅप्टन करून बसलेल्या लोकांचे चेहरे आठवा. पुढं सेकंड हाफला आला आणि ८४ व्या मिनिटाला गोल पण घातला, ते सोडा. त्याच दिवशी टॉटनहॅमच्या सन ह्युंग-मिननं नॉर्विचविरुद्ध दोन मारले. दोघांचे सीझनचे २३-२३ झाले आणि सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट वाटून घेतला. ज्यांनी सन पकडला ते हसले.

अ-४०२: मग बेंचवर बसला तर कॅप्टनचे पॉइंट व्हाईस कॅप्टनला जात नाहीत का?

क-२०३: एक मिनिट जरी खेळला तरी जात नाहीत. अजिबात उतरला नाही तरच व्हाईस कॅप्टन डबल होतो. हे लोकांना मे महिन्यात कळतंय, कमाल हाय.

आबा (अ-१०२): आणि बॅकचं काय? पेठेत बॅकची कुणी वास्तपुस्त करत नाही. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, गोल वाचवणारा सायकलनं घरी.

क-२०३: आबा, त्याची सोय झालीय. २०२५-२६ पासनं बॅकनं एका मॅचमध्ये टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन, क्लिअरन्स मिळून दहा केले की दोन पॉइंट मिळतात. गोल न खाता साठ मिनिटं काढली की चार ते वेगळेच.

आबा (अ-१०२): चला. कुणालातरी अक्कल आली.

ड-३०२: आमचा म्हणतोय अनिकेत जाधव कुठल्या टीममध्ये आहे, त्याला घ्यायचंय.

क-२०३: वहिनी, तो आपला, कोल्हापूरचा. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला त्यात भारताकडनं खेळला. पण प्रीमियर लीगमध्ये नाही हो तो 🙂 पोरग्याला सांगा, आधी त्याच्या टीमचा गोली बघ. जानेवारीपासनं बेंचवर जखमी बसवून ठेवलाय त्यानं.

२.५०

सचिव (ब-१०१): टाकीवाले आले आहेत. मेन कॉक बंद करत आहे.

सचिव (ब-१०१): आणि एक माहिती हवी होती. माझ्या टीममध्ये तीन जणांच्या नावापुढे लाल खूण दिसते. ती काय?

ब-३०१: काका, ग्रुप पाणी आणि लिफ्टसाठी आहे.

क-२०३: 😂😂😂 काका, लाल म्हणजे जखमी नायतर सस्पेंड. पिवळी म्हणजे शंका. तुमी शेवटचं कधी उघडलेलं?

सचिव (ब-१०१): दिवाळीत.

अ-४०२: काका, दिवाळीत लावलेली टीम घेऊन तुमी १६११ वर हाय. आमी रात्री जागून २२१४. आमचं चुकतंय कुठंतरी.

क-२०३: काका ऐका. तुमच्याकडं पाच फ्री ट्रान्सफर साठल्यात, पाचच्या वर साठत नाहीत. तिघं लाल काढा, फुकटात होतंय. सहावी केली तर चार पॉइंट वजा. आणि बेंचचा क्रम नीट लावा. कोण उतरला नाही तर डावीकडनं पहिला जो खेळलाय तो आत येतोय. तुमचा पहिलाच लाल हाय, तो कधीच येणार नाही.

ब-३०१: तू त्यांना का शिकवतोयस? मी सात पॉइंटनं मागं आहे!

क-२०३: मला मिसळ कुणाचीही चालते 😌

५.३५

अ-४०२: मी काकूंच्या टीमच्या हिस्टरीत जाऊन बघितलं. बेंच बूस्ट वापरलेला नाही!! माझा तर डबल गेमवीकला गेला, काही टीमच्या दोन-दोन मॅच होत्या त्या आठवड्यात.

क-२०३: बघा. आता चौघं बेंचवरचे पण मोजणार. काकू, डबल गेमवीकला का नाही टाकला?

क-१०४ काकू: त्या शनिवारी नातीचं गॅदरिंग होतं. विसरले. पण हिशोब सांगते, लपवायचं काय. गोली, दोन बॅक, एक मिडफिल्डर असे चौघं आहेत. प्रत्येकानं साठ मिनिटं काढली तर दोन दोन, म्हणजे आठ. सतरातून आठ गेले, नऊ उरले. एखाद्या बॅकनं गोल खाल्ला नाही तर चार अजून, राहिले पाच. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, हे तर पाचवीचं आहे.

अ-४०२: आणि कॅप्टन?

क-१०४ काकू: ते पण सांगू का?

क-२०३: दादा, गप्प बसा. सातच्या आधी दुसऱ्याची टीम दिसत नाही, ते काय उगाच ठेवलेलं नाही.

६.१०

ड-१०१ वकीलसाहेब: गच्चीवर कपडे वाळत असतील तर काढा. रंकाळ्याच्या बाजूनं काळंकुट्ट आलंय.

आबा (अ-१०२): वळीव. वास आला.

६.३१

क-२०३: लाईट गेली.

ब-३०१: वायफाय पण.

सचिव (ब-१०१): मला एक ट्रान्सफर करायची राहिली आहे.

६.४४

अ-४०२: ॲप गोल गोल फिरालंय. कुणाच्या मोबाईलला रेंज हाय??

क-१०४ काकू: माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. ये इकडं. पण माझी स्क्रीन बघायची नाही.

६.५३

अ-४०२: झालं. सेव्ह. काकूंनी आमरस पण दिला. पावसात कुणी भिजलं असेल तर या.

सचिव (ब-१०१): माझीही झाली. कॅप्टन कोण ठेवावा हे कुणी सांगितलं नाही म्हणून पहिलं नाव होतं तेच ठेवलं.

ब-३०१: काका पहिलं नाव म्हणजे गोली!

सचिव (ब-१०१): असू दे. गोली जबाबदार असतो.

७.४८

क-२०३: उघडल्या टीम. थांबा बघतो.

क-२०३: दादा. हे काय केलंत?

अ-४०२: काय?

क-२०३: ब्रुनो कॅप्टन?

अ-४०२: मग! तूच म्हणालास की काकूंची टीम लावा. त्या मागं हाईत, त्या डाव टाकणार, ब्रुनोची पेनल्टी विचारत होत्या. म्हणून मी पण ब्रुनो. झाकून टाकलं त्यांना.

क-२०३: काकूंचा कॅप्टन हालंड हाय.

अ-४०२: ...

क-१०४ काकू: अरे, मी सहज विचारलं होतं की. बेंच बूस्ट असताना मी कॅप्टन बदलून डाव कशाला टाकू? मला अंतर हळूहळू खायचं होतं. डाव तू टाकलास.

क-२०३: म्हणजे आता हालंडचे एकदा ज्यादा काकूंना, ब्रुनोचे एकदा ज्यादा दादांना, वर ते बेंचवरचे चौघं. पुढं असणारा माणूस उघडा पडलाय.

आबा (अ-१०२): आता ही निकाली झाली. बघायला येतो मी. कुणाच्यात टीव्ही हाय?

क-१०४ काकू: माझ्याकडं या सगळे. पण लाईट?

८.१२

अ-४०२: सचिवकाका, जनरेटर टाका की. पहिल्यांदा मागतोय वर्षात.

सचिव (ब-१०१): जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या मोटरसाठी आहे.

ब-३०१: काका, तुमचा गोली पण खेळतोय. कॅप्टन हाय.

८.२१

सचिव (ब-१०१): जनरेटर सुरू केला आहे. क विंगला कनेक्शन दिले आहे. डिझेल मेंटेनन्समधून मिळणार नाही, फँटसीवाल्या चौदा जणांनी उद्या सकाळपर्यंत भरावे. मी धरून.