नियामक की नियंत्रक? आणि 'सहकार' की 'सहकार्य'?

पाणंदवाट:
मंडळी, दोन शब्दांवर अडलेय. मी कोल्हापुरात बसून भाषांतराची कामं करते. गेल्या आठवड्यात एका साप्ताहिकाला भाषांतर केलेला लेख दिला, विषय असा की टीव्ही, रेडिओ आणि आता ऑनलाइन व्हिडिओवर लक्ष ठेवणाऱ्या ज्या संस्था देशोदेशी असतात त्या एकमेकींशी कसं जुळवून घेतात. मी लिहिलं होतं 'माध्यम नियामकांमधलं आंतरराष्ट्रीय सहकार्य' आणि छापून आलं 'माध्यम नियंत्रकांचा आंतरराष्ट्रीय सहकार'. फोन केला तर म्हणाले अहो एकच की, नियामक कोणाला कळतंय. घरी बाबांनी वाचलं, ते तीस वर्षं पतसंस्थेत सचिव होते, त्यांनी मनापासून विचारलं की ह्या लोकांनी मिळून संस्था काढलीय काय, नोंदणी कुठल्या देशात केली? त्यांची चूक नाही, आपल्याकडं सहकार म्हटलं की कारखाना, दूध संघ, सोसायटी, सभासद, भागभांडवल हेच डोळ्यासमोर येणार. पण मला हे दोन्ही बदल चुकीचे वाटतात, आणि नुसते व्याकरणानं नाही, अर्थ पार फिरतो. तुम्हाला काय वाटतं?

गुळाचा रवा:
ताई, पहिल्या शब्दाचं मी सांगतो, माझं निम्मं आयुष्य मार्केट यार्डात गेलंय. बाजार समितीचा १९६३ चा कायदा आहे त्याच्या नावातच 'विकास व विनियमन' आहे बघा. समिती काय बघते, तर काटा बरोबर आहे का, सौदा उघड झाला का, अडत-हमाली नियमानं घेतली का, शेतकऱ्याला पट्टी वेळेत मिळाली का. गुळाचा दर समिती ठरवत नाही, तो बोलीत जो निघेल तो. हे झालं नियमन. आता एसटी स्टँडवर खिडकीत बसलेले वाहतूक नियंत्रक घ्या, कुठली गाडी कुठल्या फलाटाला, किती वाजता सुटणार, सगळं त्यांच्या हातात. म्हणून 'माध्यम नियंत्रक' वाचल्यावर मला तरी वाटणार की बातमी काय द्यायची हे हा माणूस ठरवतो.

डिशवाला:
दादा पटतंय पण एक शंका. मी केबलच्या धंद्यात होतो, २०१९ ला ट्रायचा नवा नियम आला तेव्हा शंभर चॅनेलला १३० रुपये अधिक टॅक्स ही मर्यादा त्यांनीच घातली की. मग दर ठरवणारा नियंत्रक नाही का झाला?

पाणंदवाट:
चांगला मुद्दा काढलात. ट्रायचं मराठी नाव 'भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण', १९९७ पासूनचं, टीव्ही-केबलचं काम त्यांच्याकडं २००४ ला आलं. मला असं वाटतं की कमाल मर्यादा घालणं हे कुंपण झालं, आत पीक कुठलं घ्यायचं ते मालकाचं. चॅनेलनं आपला दर आपण जाहीर करायचा, गिऱ्हाइकानं हवं ते चॅनेल निवडायचं. आणि मालिकेत काय दाखवायचं हा तर ट्रायचा विषयच नाही, त्यासाठी १९९५ चा केबल कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता आहे, ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं. म्हणजे नियमनात सुद्धा नियंत्रणाचा अंश असतो हे मान्य, पण संस्थेचं नाव सांगताना मूळ काम काय ते सांगावं. नाहीतर 'नियंत्रकांचा सहकार' म्हटल्यावर वाचक समजणार की सगळ्या देशांनी मिळून सेन्सॉरशिपचा घाट घातलाय, आणि लेखात तर तसं अक्षरही नव्हतं.

शुद्धलेखनवेडा:
जाता जाता, 'विनियामक' लिहायच्या फंदात पडू नका. विनियम म्हणजे रेग्युलेशन आणि विनिमय म्हणजे देवाणघेवाण, सेबीच्या मराठी नावात 'प्रतिभूती आणि विनिमय मंडळ' असतं तिथं विनिमयच बरोबर आहे, पण प्रूफ वाचताना ह्या दोन शब्दांची अदलाबदल मी इतक्यांदा पकडलीय की आता डोळे तिथंच जातात. आणि नाट्य परिषदेचं 'नियामक मंडळ' असतं त्याचा अर्थ आणखी वेगळा, ते कारभार बघणारं मंडळ. म्हणून नुसतं नियामक न लिहिता 'माध्यम नियामक संस्था' असं पूर्ण लिहा.

पाणंदवाट:
हे घेतलं, धन्यवाद. आता सहकार्य. अडचण अशी की त्या लेखात दोन वेगळ्या गोष्टींना मूळ लेखकानं एकच शब्द वापरलाय. एक म्हणजे एप्रा, १९९५ ला माल्टात सुरू झालेलं युरोपातल्या नियामकांचं व्यासपीठ, तिथं अनुभव सांगायचे, माहिती द्यायची-घ्यायची, कोणावर बंधन नाही. दुसरं युरोपियन युनियनचं, तिथं २०१४ ला एर्गा नावाचा गट झाला आणि २०२५ ला त्याच्या जागी कायद्यानं मंडळच आलं, तिथं एका देशाच्या नियामकानं रीतसर मदत मागितली तर दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. दोन्हीला सहकार्य कसं म्हणू?

बांधावरची:
मी करवीर तालुक्यातली, आमच्याकडं ह्याला शब्द आहे, पैरा. भांगलणीला आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. पैसा नाही, भागीदारी नाही, संस्था नाही, प्रत्येकीचं रान आपापलं, बांध जिथल्या तिथं. पण पैरा फेडायचा असतो, न फेडणारीला पुढच्या खेपेला कोणी येत नाही. एप्रावाले काय करतात ते तुम्ही सांगितलं ते मला पैऱ्यासारखं वाटलं.

पाणंदवाट:
काकू, किती नेमकं बोललात! बांध जिथल्या तिथं, हेच तर त्या लेखाचं काळीज होतं. त्यात एक उदाहरण होतं. चीनच्या सीजीटीएन चॅनेलचं लायसन ब्रिटनच्या ऑफकॉम ह्या नियामकानं फेब्रुवारी २०२१ ला काढून घेतलं, कारण ज्या कंपनीच्या नावावर लायसन होतं तिच्याकडं संपादकीय ताबाच नव्हता. मार्चमध्ये फ्रान्सच्या नियामकानं जाहीर केलं की सिग्नल फ्रान्समधल्या उपग्रह कंपनीमार्फत जातो तेव्हा चॅनेल आमच्या अखत्यारीत येतं. दोन्ही देश १९८९ च्या सीमापार टीव्हीच्या करारात आहेत, त्यामुळं फ्रान्सच्या अखत्यारीतलं चॅनेल ब्रिटनला सहजासहजी अडवता येत नाही. एकाच्या बांधावरून काढलेलं पाणी दुसऱ्याच्या बांधावरून परत आत आलं. अशा वेळी दोन नियामकांनी आपसात बोलणं किती गरजेचं आहे ते कळतं, आणि बोलूनसुद्धा प्रत्येकाचा निर्णय प्रत्येकाचा राहतो.

गुळाचा रवा:
मग पैरा छापा की थेट.

पाणंदवाट:
शीर्षकात नको, पुण्या-नागपूरकडं कळणार नाही. पण मजकुरात एप्राबद्दल 'पैऱ्यासारखं, ज्याचं त्यानं रान सांभाळून' असं घालते, आणि युनियनच्या मंडळाला 'समन्वय', कारण तिथं कायद्यानं एकमेकांना उत्तर द्यायचं आहे. शीर्षक 'माध्यम नियामक संस्था: सीमेपलीकडचं सहकार्य'. दुरुस्ती छापायला सांगितलंय, पुढच्या अंकात येईल म्हणालेत. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आता नोंदणीचा प्रश्न पडत नाही.