नक्कल करणाऱ्यांना पदके कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी

कडू काढा:
काल एका सदस्याने येथे लिहिले की, बायोकॉन या औषध कंपनीच्या संस्थापक किरण मजुमदार-शॉ यांची सन्मानांची यादी म्हणजे 'परदेशी औषधांची नक्कल करणाऱ्या उद्योगाला मिळालेली शाबासकी' आहे. वाचून चीड आली, म्हणून सविस्तर लिहितो. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅलरट येथून ब्रूमास्टर (बिअर बनवण्याच्या कामातील तज्ज्ञ) होऊन आलेल्या या बाईंना, केवळ त्या बाई आहेत म्हणून, आपल्याकडील बिअर कारखान्यांनी त्या पदावर घेतले नाही. 1978 मध्ये बेंगळुरूत भाड्याच्या गॅरेजमध्ये 10,000 रुपयांवर त्यांनी बायोकॉन सुरू केली, तेव्हा पपईच्या चिकातून पपेन हे विकर (एन्झाइम) आणि माशाच्या पोटातील पिशवीपासून (आपले कोळी जिला बोत म्हणतात तीच) आयसिंग्लास काढायचे आणि बिअर नितळ करण्यासाठी परदेशी धाडायचे, एवढाच धंदा होता. पद्मश्री मिळाली 1989 मध्ये, म्हणजे कंपनी शेअर बाजारात येण्याच्या 15 वर्षे आधी. त्या वेळी तेथे इन्सुलिनही बनत नव्हते. मग ती शाबासकी नेमक्या कोणत्या नकलेची, हे त्या सदस्यांनीच सांगावे.

सोळा आणे:
तो सदस्य मीच. 1989 ची पद्मश्री सोडून देऊ. माझा आक्षेप नंतरच्या रांगेला आहे: 2005 चे पद्मभूषण, 2016 चा फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर, 2020 मध्ये अर्न्स्ट अँड यंगचा जागतिक उद्योजक पुरस्कार. बायोकॉनचे इन्सुलिन 2004 मध्ये आले; औरंगाबादेत कारखाने असलेल्या वोखार्ट या कंपनीने वोसुलिन हे आपले इन्सुलिन त्याच्या आधीच, 2003 मध्ये, बाजारात आणले होते. ते किती जणांना आठवते? आणि बायोकॉन बनवते त्या ट्रॅस्टुझुमॅब या कर्करोगावरील औषधाचा मूळ रेणू जेनेंटेक या अमेरिकी कंपनीचा आहे. दुसऱ्याच्या रेणूवर इतके हारतुरे मला तरी पचत नाहीत.

तिसरी पाळी:
नक्कल हा शब्द फर्मेंटरजवळ (ज्या टाकीत यीस्ट वाढवून औषध बनवतात तिच्याजवळ) एक रात्रही न काढलेला माणूसच वापरू शकतो. मी 19 वर्षे एका कंपनीत (नाव सांगणार नाही) याच कामावर होतो. बायोकॉनचे इन्सुलिन ज्या पिकिया यीस्टमध्ये तयार होते, त्याच यीस्टवर आम्हीही काम करत असू. त्याला मिथेनॉल पाजावे लागते आणि ते जास्त झाले तर यीस्ट मरते. ते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी पंप क्षणभर बंद करायचा. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा लगेच उसळला, तर सारे मिथेनॉल खाल्ले जात आहे असे समजायचे. एका पहाटे तीन वाजता मी पंप बंद केला आणि आकडा जागचा हलला नाही. शिफ्ट इन्चार्ज फोन उचलेनात, तेव्हा मी स्वतःच्या जबाबदारीवर पंप बंदच ठेवला आणि काचेला नाक लावून बसलो. चाळीस मिनिटांनी आकडा वर गेला. बॅच वाचली. पुढच्या वर्षी प्लँटला गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला, तो घ्यायला संचालक सपत्नीक गेले आणि आम्हाला कँटीनमध्ये एकेक गुलाबजाम मिळाला. तेव्हा मॅडमना पदके जरूर द्या, पण पदकावर एकच नाव का कोरले जाते, याचेही उत्तर कोणीतरी द्या.

कडू काढा:
आपल्या गुलाबजामचे दुःख मोठे आहे, परंतु त्याचा हिशोब बेंगळुरूच्या बाईंकडे का मागता?

तिसरी पाळी:
हिशोब त्यांच्याकडे मागितलेला नाही. वाचता येत असेल तर पुन्हा वाचा. सन्मान देण्याच्या रीतीबद्दल मी बोलतो आहे आणि आपण त्याची थट्टा करता आहात.

पेठेतली निवृत्त:
दोघांनीही आवाज खाली आणावा. रीतीचाच प्रश्न असेल, तर 2005 चीच यादी पाहा. त्या वर्षी पद्मभूषण मिळालेल्यांत मजुमदार-शॉ होत्या, एचआयव्हीची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ करणारे सिप्लाचे युसुफ हमीद होते आणि हेपटायटिस बी ची देशी लस आणणारे शांता बायोटेकचे वरप्रसाद रेड्डीही होते. गंमत अशी की त्याच वर्षीच्या 1 जानेवारीपासून आपण औषधांवर उत्पादन-पेटंट लागू केले; त्याआधी पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळे, म्हणून दुसऱ्याचे औषध वेगळ्या पद्धतीने बनवता येई. म्हणजे एका हाताने सरकारने ती जुनी वाट बंद केली आणि त्याच महिन्यात दुसऱ्या हाताने त्या वाटेने आलेल्यांना पदके जाहीर केली. माझे यजमान रोज दोनदा इन्सुलिन टोचून घेत. रेणू कोणाचा, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. महिनाअखेरीस औषधवाल्याच्या बिलाकडे मात्र आम्ही दोघेही पाहत असू.

सोळा आणे:
ताईंसमोर वाद घालत नाही. अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबच्या पहिल्या बायोसिमिलरला (मूळ जैविक औषधाशी जुळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाला) 2017 मध्ये मंजुरी मिळाली, ते बायोकॉन आणि तिची भागीदार कंपनी मायलन यांचेच होते, हेही आज नव्याने वाचले. तेव्हा 'नक्कल' मागे घेतो आणि 'अत्यंत कष्टपूर्वक केलेले अनुकरण' असे लिहितो. समाधान झाले असावे. वोसुलिनचे मात्र अजून कोणीच उत्तर दिलेले नाही.

तिसरी पाळी:
गुलाबजामचेही नाही.