आदिस अबाबा : दोघींनी मिळून शहर कसे पाहावे?

प्रश्न

येत्या जानेवारीच्या मध्यावर मी आणि माझी मोठी मावसबहीण इथिओपियाला जात असून पहिले काही दिवस आमचा मुक्काम आदिस अबाबा येथे आहे. ताई इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे आणि संग्रहालयातला प्रत्येक फलक वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. मला मात्र रस्ते, बाजार आणि माणसे पाहत पायी हिंडण्याची ओढ अधिक. शहर दोघींनाही सर्वस्वी अपरिचित आहे, तरी आपापल्या वाटेने जाण्याऐवजी ते एकत्रच पाहावे अशी आमची इच्छा आहे. ताई शाकाहारी आहे आणि चढावर तिला लवकर दम लागतो. हे सारे सांभाळणारा क्रम जाणकारांनी कृपया सुचवावा.

प्रतिसाद १

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे आणि उत्तरेला एन्तोतो डोंगराकडे जावे तसा चढ वाढत जातो. म्हणून सकाळी टॅक्सीने वर सिदिस्त किलो चौकापर्यंत जावे आणि तेथून दक्षिणेला मेस्केल चौकाच्या दिशेने उतरत यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्हाला चालायला मिळेल, ताईंना दम लागणार नाही आणि त्यांना हवा असलेला इतिहास याच वाटेवर भेटत राहील.

सिदिस्त किलोच्या मधोमध असलेला स्तंभ फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन फॅसिस्टांनी केलेल्या कत्तलीत मारल्या गेलेल्या नागरिकांचे स्मारक आहे. जवळच्या विद्यापीठाच्या आवारात, सम्राट हैले सेलासी यांच्या पूर्वीच्या राजवाड्यात मानववंशशास्त्रीय संग्रहालय आहे. तेथे सम्राटांचे शयनगृहही जतन केलेले आहे. थोडे खाली उतरल्यावर राष्ट्रीय संग्रहालय लागते. १९७४ मध्ये अफार प्रदेशातील हदार येथे सापडलेली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘लूसी’, म्हणजे मानवाच्या आदिम पूर्वजांपैकी एकीचा जीवाश्म सांगाडा, याच संग्रहालयाची. त्याखालच्या अरात किलो चौकाजवळ होली ट्रिनिटी कॅथेड्रल आहे. तेथे हैले सेलासी यांची समाधी आहेच, शिवाय इटलीच्या आक्रमणाविरुद्ध इंग्लंडमध्ये आवाज उठवणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्ट यांचीही कबर आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली ही बाई अखेरीस या भूमीत कशी विसावली, हे ताईंना तेथे उभे राहून तुम्हाला सांगता येईल.

हे सारे एका दिवसात उरकू नये. अरात किलोला थांबावे आणि पुढचा भाग दुसऱ्या दिवशी घ्यावा. त्या भागात सम्राट मेनेलिक यांच्या राजवाड्याच्या आवारातील युनिटी पार्क येते आणि आफ्रिका हॉलही येतो. मे १९६३ मध्ये आफ्रिकी एकता संघटनेची स्थापना या सभागृहात झाली आणि इथिओपियन चित्रकार अफेवर्क तेक्ले यांची विशाल रंगीत काचचित्रे तेथे आहेत. ते संयुक्त राष्ट्रांच्या आवारात असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी. मेस्केल चौकातले ‘रेड टेरर’ स्मारक संग्रहालय शेवटी ठेवावे. दर्ग या लष्करी राजवटीत मारल्या गेलेल्यांची छायाचित्रे आणि अस्थी पाहिल्यावर लगेच दुसरे काही पाहण्याची मनःस्थिती राहत नाही.

प्रतिसाद २

वरील क्रम उत्तम आहे, पण त्यात मर्कातो हा बाजार नाही आणि मर्कातो वगळून हे शहर पाहिले असे मी तरी म्हणणार नाही. बाजार अवाढव्य आणि अत्यंत गर्दीचा आहे, म्हणून विश्वासू स्थानिक वाटाड्या घेऊन सकाळीच जावे आणि मौल्यवान वस्तू सोबत नेऊ नयेत. गर्दीत परस्परांपासून दुरावल्यास कोठे भेटायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

ताईंच्या जेवणाची चिंता नको. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास पाळतात. त्या दिवशी मांस, अंडी आणि दूध वर्ज्य असल्याने डाळी आणि भाज्यांचे बेयाइनेतू, म्हणजे मिश्र ताट, सहज मिळते. इतर दिवशीही ‘यत्सोम’, म्हणजे उपवासाचे, असे सांगून मागावे. एरवी भाज्यांतही मसालेदार लोणी असू शकते. इंजेरा (आंबवलेल्या पिठाची धिरड्यासारखी मोठी पोळी) एकाच मोठ्या ताटात येतो आणि सगळे त्यातूनच जेवतात. दोघींनी तसेच जेवावे, त्यातला आनंद वेगळाच आहे.

घड्याळाचे मात्र नीट लक्षात घ्यावे. तेथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. गाडी किंवा वाटाड्या ठरवताना वेळ कोणत्या पद्धतीने सांगितली आहे, हे प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. विमानाची तिकिटे आंतरराष्ट्रीय वेळेनुसारच असतात.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताईने आफ्रिका हॉलची चौकशी लगेच सुरू केली आहे. आमच्या मुक्कामात १९ जानेवारी येतो. त्या दिवशी ही ठिकाणे पाहता येतील का?

प्रतिसाद ३

त्या दिवशी संग्रहालयांचा विचार सोडून द्यावा, कारण तो तिमकतचा सण आहे (काही वर्षी तो २० जानेवारीला येतो). येशूच्या बाप्तिस्म्याच्या स्मरणार्थ, आदल्या दुपारीच चर्चमधील पवित्र ताबोत (दहा आज्ञांच्या शिलापट्टांच्या प्रतिकृती) वस्त्रांत झाकून, पुरोहितांच्या मस्तकावरून मिरवणुकीने नेले जातात. शहरातील मुख्य सोहळा सिदिस्त किलोजवळच्या जान मेदा मैदानावर असतो. रात्रभर प्रार्थना चालते आणि सकाळी पाण्याला आशीर्वाद देऊन ते भाविकांवर शिंपडले जाते.

रस्ते बंद असतात आणि गर्दी प्रचंड असते, म्हणून ताईंसह मैदानाच्या मध्यभागी शिरू नये. आदल्या दुपारची मिरवणूक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावी. ती संथ चालते, गाणी आणि ढोल जवळून ऐकू येतात आणि थकवा आल्यास बाजूला होता येते. बायका नेताला ही पातळ पांढरी सुती ओढणी अंगावर घेतात. तुम्हीही हलकी पांढरी ओढणी घ्यावी, चर्चमध्ये डोके झाकण्यासही ती उपयोगी पडेल. सणासाठी देशभरातून लोक येतात, त्यामुळे निवासाची नोंदणी आताच करून ठेवावी.