सफवी चित्रांतला हिरवा रंग कागद का खातो?

प्रश्न: इराणच्या सफवी घराण्यातल्या शाह तहमास्पच्या (राज्यकाळ १५२४–१५७६) दरबारी चितार्‍यांच्या कामात कधीकधी फक्त हिरव्या भागामागचा कागद तपकिरी होऊन तुटतो, बाकी रंग शाबूत. असं का?

उत्तर १: तो जंगार, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा रंग, असणार. तांब्याच्या पत्र्यांवर सिरक्याची वाफ धरायची, जमलेली पूड खरवडून डिंकाच्या पाण्यात घोटायची. त्यातलं तांबं कागदाचे तंतू कुजवतं. म्हणून जाणते चितारी त्यात केशर घालत. केशर आम्लता आवरतं, शिवाय छटा सुरेख पिवळसर होते.

उत्तर २: सहमत, पण प्रत्येक हिरवा जंगार नसतो. हरताळ (गंधक असलेलं पिवळं खनिज) आणि नीळ मिसळूनही हिरवा करत, तो कागद खात नाही. मात्र हरताळ शिशाच्या सफेद्यात मिसळू नये. गंधकामुळे सफेदा काळवंडतो.

उत्तर ३: दुरुस्तीत पाण्याची खळ टाळा. ओलाव्याने तांबं आजूबाजूच्या कागदात पसरतं.