बाबा समोर बसलेत, मशीन मानत नाही!

प्रश्न: बाबा ७८ वर्षांचे, केंद्र सरकारचं पेन्शन. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठाच जुळत नाही. ‘अरे, आहे मी!’ म्हणून ओरडून झालं. आता?

उत्तर १: वयानुसार बोटांच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते. अंगठ्याचा नाद सोडा, चेहरा वापरा. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप लागतात. आधी ऑपरेटर (फोन हाताळणारा) म्हणून तुमचा आधार नंबर व चेहरा. मग बाबांचा आधार, ओटीपी, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, बँक खातं. चष्मा काढा, उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको. पापण्यांची उघडझाप करायला सांगतात तिथे ज्येष्ठ मंडळी पासपोर्ट फोटोसारखी टक लावून बसतात आणि गाडी अडते.

उत्तर २: प्रमाण आयडी (दाखल्याचा नंबर) आला म्हणजे काम झालं असं नाही! पीपीओ नंबर किंवा पेन्शन देणारी बँक चुकली तर दाखला नंतर नाकारला जातो. काही दिवसांनी स्थिती तपासाच.

उत्तर ३: फोनचा वैताग असेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क पडतं. दाखला देण्याची मुदत नोव्हेंबरभर, ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच.